खारदांड्यासमोरचा प्रसाद

आधी धुकं वर गेलं. मार्व्याच्या खाडीवरून सकाळी साडेसातला ते पडद्यासारखंच सरकलं. खालची कड सुटली तशी वाळू दिसली, मग वाळूवरचे पाय, मग होड्या, आणि सगळ्यात शेवटी उंच डोलकाठ्यांची टोकं. बारा होड्या ओळीने उभ्या. एकेकीला पाण्यावर टेकायला दोन लांब निमुळते पोकळ सांगाडे, मध्ये ताणून बसवलेली जाळी आणि वर एक मोठं शीड. कॅटमरान म्हणतात त्यांना. अकरा जणी पांढऱ्या शुभ्र, आणि उजव्या कडेला एकटी पिवळी, वयस्कर, दोन ठिकाणी ठिगळ लावलेली 'जोडी'. तिच्या जाळीवर मांडी घालून एक बाई वारा कळावा म्हणून शिडाला लोकरीचे लाल धागे बांधत बसली होती. वनमाला परब, वय एकोणसाठ, राहणार चारकोप. गुडघ्यापर्यंतची काळी विजार, वर नवऱ्याचा जुना शर्ट, आणि केसांत आठवणीने खोवलेली अबोलीची दोन फुलं.

"अहो, पाण्याच्या बाटल्या?" तिने विचारलं.

"चार आहेत," नंदकुमार म्हणाला. तो होडीचे दोर तपासत होता. "आणि तो नांगर कशाला घेतलायस? सहा किलो आहे. त्यापेक्षा मला घरी ठेवलं असतंस."

"तुमचा विचारही केला होता मी."

वनमालेने सहज म्हटल्यासारखं म्हटलं, पण रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. कारण आज सुकाणू तिच्या हातात असणार होतं.

ही होडी त्यांच्याकडे आली त्याची गोष्ट साधी आहे. नंदकुमारने चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, फायबरग्लासच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. पाण्याच्या टाक्या, खुर्च्या, बागेतल्या घसरगुंड्या असलं काही काही तिथे बनायचं, आणि अधूनमधून फुटक्या होड्याही दुरुस्तीला यायच्या. एक पिवळी कॅटमरान आली, तिचा मालक परदेशी गेला तो परतलाच नाही. सात वर्षं ती कारखान्यामागे उलटी पडून होती. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याच्या मालकाने नंदकुमारला शाल दिली, नारळ दिला आणि म्हणाला, "परब, घड्याळ द्यायचं होतं, पण तुमचा डोळा कशावर आहे ते मला ठाऊक आहे." नंदकुमारने सांगाड्यांची भोकं बुजवली. फाटलेलं शीड वनमालेने घरच्या मशीनवर शिवलं, तेव्हा ते बैठकीच्या खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून थेट खालच्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेलं होतं.

त्याला चार वर्षं झाली. दर फेब्रुवारीत मार्व्याहून ही लांब पल्ल्याची शर्यत निघते. दक्षिणेला खारदांड्यासमोर एक केशरी बोया तरंगत ठेवलेला असतो, त्याला वळसा घालून परत मार्वे, जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर. संध्याकाळी साडेपाचला घंटा होते. तोवर जी होडी शिडावर परत आली ती 'पूर्ण', जी आली नाही तिला मदतीची मोटरबोट दोर बांधून ओढून आणते. चारही वर्षं सुकाणू नंदकुमारच्या हातात होतं आणि चारही वर्षं 'जोडी' दोराने आली. मोटरबोट चालवणारा मनोरीचा नाना आता त्यांना लांबूनच ओळखायचा. दुपारी तीन वाजले की जवळ येऊन विचारायचा, "काय नंदूभाऊ, टाकू दोर?"

गेल्या महिन्यात नंदकुमारने जेवताना सांगून टाकलं, "यंदाही नानाच्या दोराने आलो तर होडी विकायची. माणसाने हसं किती करून घ्यावं. अलिबागचा एक जण सोमवारी बघायला येतोय."

वनमालेने ताटातला भात एका बाजूला केला, दुसऱ्या बाजूला केला. दिंडोशीच्या कोर्टात ती कारकून होती. पाठीत स्टुलावर बसून धरलेली कळ होती, ती त्या जाळीवर टेकलं की पाच मिनिटांत निघून जायची. पण खरं कारण त्याच्याही मागचं होतं. तिचे वडील मालवणचे, कौलं वाहणाऱ्या गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके. त्यांनी तिला आठव्या वर्षी छोट्या शिडाच्या होडीवर सुकाणू धरायला शिकवलं, आणि बाराव्या वर्षी, मुलगी मोठी झाली म्हणून, हातातून काढूनही घेतलं. नंतर लग्न, चारकोप, कोर्ट. कोणी पुन्हा दिलं नाही आणि तिने मागितलं नाही.

त्या रात्री मागितलं. "विका," ती म्हणाली. "पण यंदा सुकाणू माझ्याकडे. पूर्ण करून आणली, तर अलिबागच्या माणसाला तुम्ही फोन करायचा, नाही म्हणून."

नंदकुमार पाणी प्यायला आणि म्हणाला, "बरं." भला माणूस. एवढं मात्र विचारलं, "आणि मी काय करायचं?"

"मी सांगेन तिथे बसायचं."

आठला पहिला भोंगा झाला, मग दुसरा, मग तिसरा.  त्या वेळी दुसरं कोणी तिच्या जागी उभं राहायला आलं असतं तर तिने त्याला पाण्यात ढकललं असतं.

जमिनीवरून येणारा सकाळचा वारा होता, फार नाही, पण होता. ओहोटीही दक्षिणेलाच ओढत होती. बारा होड्या अक्सासमोरून, मढच्या खडकांबाहेरून निघाल्या. सगळ्यांत पुढे शौनकची होडी. शौनक म्हणजे अंधेरीचा पंचविशीतला पोरगा, दोन वर्षं पहिला आलेला, आणि त्याचा जोडीदार मिहिर. त्यांचं बोलणं पाण्यावरून ऐकू यायचं. "सरक. खेच. सोड."

इकडे 'जोडी'वर वेगळाच प्रकार चालला होता. "अहो, जरा पुढे सरकता का. अहो, तो दोर किंचित सैल सोडा. नको, नको, तुमचा पाय काढा आधी."

"वनू," नंदकुमार म्हणाला, "आजच्या दिवस मला अरे म्हण. तुझं वाक्य संपेपर्यंत वारा निघून जातोय."

"अडतीस वर्षांत जमलं नाही, ते आता पाण्यात कुठे जमायचं."

पण सुकाणू हातात आलं आणि हाताला सगळं आठवलं. डोक्याला कदाचित आठवलं नसतं. तिने ओंजळभर पाणी घेऊन मान आणि कानामागचा भाग ओला केला. वडील असंच करायचे. ओल्या कातडीला कोणत्या बाजूने गार लागतं ते शिडाच्याही आधी कळतं. वर्सोव्याच्या पुढे तिने होडी एकदा डावीकडे वळवली, सगळे सरळ जात असताना, आणि शिडाचे लाल धागे ताठ झाले. पुढच्या अर्ध्या तासात तिने चार होड्या मागे टाकल्या. नंदकुमार मागे वळून मोजत होता आणि मोजता मोजता त्याचा आवाज चढत होता. "पाच, वनू. पाचवीही गेली."

"मागे बघू नका, होडी वाकते."

अकराच्या सुमाराला केशरी बोया आला. शौनक वळसा घालून गेलाच होता, आणखी तिघं वळले होते, आणि पाचवी 'जोडी' वळली. आता तोंड उत्तरेला, घराकडे. आणि नेमक्या त्याच क्षणी, कोणीतरी पंख्याचं बटण बंद करावं तसं, शीड लोंबलं. समुद्र तव्यासारखा सपाट झाला. दूर सी-लिंकचे दोर उन्हात चमकत होते आणि कुठेही, कशालाही हालचाल नव्हती.

"वारा पड..." नंदकुमार म्हणाला.

"तसं म्हणायचं नाही होडीवर," तिने मध्येच तोडलं. "बाबा म्हणायचे, वारो जेवक गेलो. जेवला की येतो."

"पण आपण मागे चाललोय."

चालले होते खरंच. ओहोटी अजून दीड तास होती आणि ती सगळ्यांना दक्षिणेकडे, घरापासून उलट ओढत होती. पुढचे चौघे शीड हलवत, सांगाड्यांवर उड्या मारत, काहीतरी करत होते आणि सावकाश, मान खाली घालून सी-लिंककडे वाहत चालले होते. नंदकुमार चार वर्षं हेच करत आला होता.

"अहो, नांगर टाका," वनमाला म्हणाली.

"शर्यतीत?"

"शर्यतीतच. वारा नाही, पाणी उलट. उभं राहणारा पुढे जातो."

नंदकुमारने तिच्याकडे बघितलं, सहा किलोच्या नांगराकडे बघितलं, आणि पाण्यात सोडला. दोर ताणला, 'जोडी'ने एक हिसका घेतला आणि थांबली. पाणी दोन्ही सांगाड्यांच्या टोकांशी खळखळ करत मागे जाऊ लागलं, जणू तीच चालली आहे. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. न हलता त्या दोघांनी एकेका होडीला मागे टाकलं. आधी एक मागे गेली, मग दुसरी. शेवटी शौनकची होडी अगदी जवळून, उलट दिशेने, मागे मागे गेली.

"काकी, पिकनिक आहे का?" शौनक ओरडला.

"हो रे. ये, जेवायला बस," ती म्हणाली. पण ते येऊ शकत नव्हते. वाहत होते.

नाना मोटरबोट घेऊन आला, त्याने इंजीन बंद केलं आणि बराच वेळ नांगराच्या दोराकडे बघत राहिला. "वैनी," तो म्हणाला, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"का, नियमात बसत नाही?"

"बसतं. पण बसवायला कोणाला सुचत नाही." आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने दोराचं नाव काढलं नाही.

मग खारदांड्याच्या बाजूने ढोल वाजत आला. नवी होडी होती, हिरवी-लाल, डोलकाठीला केळीचे खांब बांधलेले आणि वरपासून खालपर्यंत पताका. होडीची पूजा करून घरची सगळी माणसं तिच्यावर चढली होती आणि पहिल्या फेरीला निघाली होती. होडीच्या पुढच्या टोकाशी भरगच्च दागिने घातलेली एक कोळीण मोठं पातेलं घेऊन बसली होती. जी होडी दिसेल तिच्याजवळ ते इंजीन हळू करायचे आणि ती हात पुढे करायची. वनमालेला लांबून दिसत होतं. शौनक आणि मिहिरने हात जोडले, मान हलवली. त्याच्या पलीकडच्यांनीही हात जोडले. तिसऱ्या आणि चौथ्या होडीशीही तेच झालं. नव्या होडीच्या दिवशी चार ठिकाणी नको ऐकून ती बाई 'जोडी'पाशी आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"तू तरी घे गो बाय. देवाचा परसाद हाय."

द्रोणात शिरा होता, तुपाने माखलेला, वर केळ्याचा काप आणि एक तुळशीचं पान. वनमालेने दोन्ही हात पुढे केले, द्रोण कपाळाला लावला आणि शिरा खाल्ला. नंदकुमारने खाल्ला आणि द्रोण पुन्हा पुढे केला.

"प्रसाद दोनदा मागत नाहीत," ती हळूच म्हणाली.

"माग रे दादा, किती पण माग," कोळीण हसली आणि वाटीभर आणखी घातला. ढोल पुन्हा सुरू झाला. हिरवी-लाल होडी लांब गेली. नंदकुमारने बोटं चाटली आणि मधेच, बोट तोंडातच असताना, थांबला.

"वनू. तो सकाळचा कागद."

तिलाही तेव्हाच आठवलं. सकाळी स्पर्धेच्या प्रमुखाने, अनिरुद्धांनी, सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलेला कागद. शर्यतीत कोणाकडूनही बाहेरची मदत घ्यायची नाही. खाणं नाही, पाणी नाही. मागच्या वर्षी दोघांनी मासेमारीच्या बोटीकडून पाण्याची बाटली घेतली आणि पोचूनही बाद झाले.

म्हणून पोरांनी हात जोडले होते. त्यांना आठवलं होतं.

नंदकुमार जाळीवर मागे टेकला. "संपलं. चार वर्षांत पहिल्यांदा पुढे आहोत, आणि शिऱ्याने घात केला." थोडं थांबून म्हणाला, "कोणी बघितलं नाही पण."

"नानाने बघितलं."

"नानाच्या हातात पण द्रोण आहे. तो काय सांगणार आहे?"

"मी सांगणार आहे," वनमाला म्हणाली. एवढी वर्षं तिने माणसांना शपथ घेताना पाहिलं होतं. खोटं बोलणारा कुठे बघतो तेही तिला पाठ होतं. "आधी पोचू तर द्या. न पोचता काय सांगायचं?"

साडेबाराला पाणी थबकलं. नांगराच्या दोराचा ताण सुटला, दोर खाली लोंबला आणि मग हळूच दुसऱ्या बाजूला ताणला गेला. भरती सुरू झाली. "उचला," ती म्हणाली. आता समुद्रच त्यांना घराकडे नेत होता, आणि त्यावर जी काही झुळूक मिळेल ती नफा. पोरं तीन किलोमीटर मागे होती.

पण पोरंच ती. दीडला वायव्येकडून वाऱ्याचा एक हात आला, दोनला दुसरा, आणि हलक्या, तरण्या जोडीच्या होड्या चालू लागल्या. जुहू मागे पडलं. वर्सोव्याच्या उंच इमारती इतक्या सावकाश सरकत होत्या की नंदकुमारने एका इमारतीचे मजले दोनदा मोजले. मागे शौनकचं शीड नखाएवढं होतं, मग तळहाताएवढं झालं. चारला मढचे खडक आले. पाचला अक्सा. शौनक आता पन्नास हातांवर होता आणि त्याचं "खेच, सोड" पुन्हा ऐकू यायला लागलं होतं. बाकी होड्यांचे ठिपके मागे विखुरले होते, आणि नाना एकेकीला दोर बांधत फिरत होता.

पाच वाजून दहा मिनिटं. खाडीचं तोंड दिसलं, तिथे शेवटची रेषा, दोन लाल झेंड्यांमधली. सहाशे मीटर असेल. भरतीचा जोर ओसरत आला होता. वारा होता की नव्हता ते सांगता येत नव्हतं. लाल धागे लोंबत होते, मधेच एखादा उठायचा आणि पडायचा. वनमालेने सुकाणू दोन बोटांत धरलं होतं, चिमटीत रांगोळी धरावी तसं. श्वासही ती जपून घेत होती.

नंदकुमारच्या पायाला गोळा आला. त्याने पाय सरळ केला, होडी डुलली आणि शिडात जमलेला थेंबभर वारा सांडला.

"थंयच बस रे नंदू. हलू नको."

तो जागच्या जागी गोठला. पायातली कळ डोळ्यांत आली होती आणि ओठांवर हसू होतं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला बायकोने नावाने हाक मारली होती, आणि तीही मालवणीत.

तिने मान डावीकडे केली. कानामागे गार लागलं. किनाऱ्याच्या बाजूला, मनोरीच्या अंगाला, पाण्यावर वाऱ्याची एक काळी रेघ सरकत होती. शौनक मधल्या पाण्यात होता. वनमालेने होडी कडेला घेतली, लांबच्या वाटेने. रेघ आली. धागे उठले, आडवे झाले, आणि तसेच राहिले. 'जोडी'च्या पोटाखाली पाणी बोलायला लागलं. किनाऱ्यावरचे लोक उभे राहिले. नानाने सगळ्या ओढलेल्या होड्यांसकट मोटरबोट थांबवली आणि भोंग्यावर हात दाबून धरला.

पाच सव्वीस. झेंडे दोन्ही बाजूंनी मागे गेले. शौनक पाच अठ्ठावीसला आला. बाकी कोणीच नाही.

पाण्यात उतरून दोघांनी होडी वाळूवर ओढली. लोक पाठीवर थोपटत होते. तिने केसांतली अबोली चाचपली, एक फूल शिल्लक होतं. "चला," ती नवऱ्याला म्हणाली, "साहेबांकडे."

अनिरुद्ध मुलुंडचे, निवृत्त इंजिनिअर, कागदाचा माणूस. ते मांडवात टेबलाशी बसून वेळा लिहीत होते. वनमालेने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, ढोलापासून तुळशीच्या पानापर्यंत. नवऱ्याने दोनदा मागून घेतल्याचंही सांगितलं. नंदकुमारने वाळूकडे बघितलं.

 शौनक टॉवेल घेऊन उभा होता. "सर, मी तक्रार करत नाहीये," तो म्हणाला. "पण रूल तर आहे ना."

"आहे," अनिरुद्ध म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पहिली आलेली होडी बाद करायची, आणि तीही शिऱ्यासाठी, हे त्यांच्याही जिवावर आलं होतं. वाट काढून द्यावी म्हणून त्यांनी प्रश्न सोपा केला. "परबबाई, कागदात 'मदत' असा शब्द आहे. एक द्रोण शिरा. त्याची तुम्हाला शर्यतीत काही मदत झाली का? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

नंदकुमार तिला डोळ्यांनी खुणावत होता. नाही म्हण. एक शब्द, आणि होडी राहते. मांडवातले सगळेच मनातल्या मनात तोच शब्द तिच्या ओठांवर ठेवत होते. पण प्रसाद पोटात आहे आणि तो फुकट गेला असं माणसांसमोर म्हणायचं, हे तिच्याने होणार नव्हतं.

निकाल आधी सांगून टाकायला हवा, म्हणजे तिचं बोलणं निवांत ऐकता येईल. ती बोलली, मांडवात हशा झाला, सगळ्यांत मोठ्याने शौनक हसला. अनिरुद्धांनी नानाला बोलावून तिने सांगितलेली गोष्ट खरी आहे का ते विचारून घेतलं, आणि मग कागदाच्या पाठीमागचं बारीक अक्षरातलं एक कलम वाचून दाखवलं, की जे सगळ्या होड्यांना सारखंच मिळण्याजोगं होतं ते बाहेरची मदत धरू नये. पहिला क्रमांक 'जोडी'. नंदकुमारने तिथूनच, वाळूवर उभ्या उभ्या, अलिबागला फोन लावला.

आणि त्या हो-किंवा-नाहीवर वनमाला परब काय म्हणाली, तर हात पुढे बांधून, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असल्यासारखी ताठ, सावकाश आणि स्पष्ट म्हणाली:

"हो, झाली. देवाच्या प्रसादाने मदत होत नाही असं मी कशी सांगू, साहेब? पण त्या बाईने द्रोण आधी या सगळ्यांपुढे केला होता, माझ्यापुढे सगळ्यांत शेवटी. तेव्हा माझं 'हो' लिहून घ्या, आणि त्याच्या खाली, नको म्हणणारे कुठवर वाहत गेले, तेही लिहून घ्या."